करुणेची वाणी आणि तिची कसोटी

बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती व धम्मचक्र प्रवर्तन दिन या निमित्तांनी आपल्या विहारांतून आणि मैदानांतून दरवर्षी असंख्य भाषणे होतात. मैत्री, करुणा, शांती हे शब्द त्यांत वारंवार येतात. सभा संपते, श्रोते घरोघरी जातात आणि पुष्कळदा काहीच बदलत नाही. याउलट, ज्यांनी माणसांची मने वळविली व राष्ट्रांचे परस्परसंबंध बदलले, अशीही काही भाषणे गेल्या शतकात झाली आहेत. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या विचाराला मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्ताचा आधार घेता येतो. राजगृह येथे अभय राजकुमार तथागतांना पेचात पकडण्यासाठी प्रश्न विचारतो, की तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे कधी बोलतात काय? त्या वेळी राजकुमाराच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. तथागत त्यालाच विचारतात, की या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला, तर तू काय करशील? रक्त आले तरी बोट घालून तो खडा बाहेर काढीन, कारण मुलाविषयी मला अनुकंपा आहे, असे राजकुमार सांगतो. येथे तथागतांचा निकष स्पष्ट होतो. जे असत्य आहे किंवा अहितकर आहे, ते ऐकणाऱ्याला प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलतात. म्हणजे करुणेची वाणी ही गोड वाणीच असते, असे नव्हे. सत्य, हित आणि वेळ या तीन गोष्टींनी ती ओळखली जाते.

हा निकष आता आधुनिक काळातील भाषणांना लावून पाहू.

सप्टेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी शांतता करार करण्यासाठी परिषद भरली. युद्धात पोळलेल्या देशांच्या मनात जपानविषयी संताप होता आणि नुकसानभरपाईची मागणीही होती. ६ सप्टेंबर रोजी सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने बोलावयास उभे राहिले. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो व त्रिंकोमाली येथे जपानी विमानांनी बॉम्बहल्ले केले होते. युद्धकाळात रबराच्या झाडांतून बेसुमार चीक काढावा लागल्याने देशाच्या मुख्य उत्पन्नाची हानी झाली होती. या नुकसानीचा उल्लेख जयवर्धने यांनी टाळला नाही. भरपाई मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेही त्यांनी सांगितले. आणि तो अधिकार आपला देश बजावू इच्छीत नाही, असे जाहीर केले. वैराचे शमन वैराने होत नाही, या धम्मपदातील शिकवणीचा त्यांनी आधार घेतला. पराभूत जपानला स्वतंत्र राष्ट्र म्हणून उभे राहू द्यावे, अशी त्यांची भूमिका होती.

या भाषणाचे बळ त्यातील बुद्धवचनात होते तेवढेच त्यामागील त्यागात होते. ज्याचे काही नुकसानच झालेले नाही, त्याने क्षमेची भाषा बोलणे सोपे असते. येथे नुकसान सोसलेल्या देशाने आपला हक्क सोडला होता. जपानने ही गोष्ट विसरली नाही. कामाकुरा येथील प्रसिद्ध महाबुद्धमूर्तीच्या आवारात जयवर्धने यांची स्मारकशिला आजही उभी आहे.

मात्र हा इतिहास येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बत्तीस वर्षांनंतर तेच जयवर्धने श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष होते. २३ जुलै १९८३ रोजी उत्तरेत तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात तेरा सैनिक ठार झाले आणि त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी निरपराध तमिळ नागरिकांवर हल्ले सुरू झाले. घरे व दुकाने जाळली गेली. शेकडो माणसे मारली गेली. काही अंदाजांनुसार हा आकडा हजारांच्या घरात जातो. राष्ट्राध्यक्ष २८ जुलै रोजी राष्ट्राला उद्देशून बोलले. त्या भाषणात सिंहली जनतेच्या भावनांची दखल होती, फुटीर राजकारणावर बंदी घालण्याची घोषणा होती. परंतु होरपळलेल्या तमिळ कुटुंबांसाठी सहानुभूतीचा एक शब्दही नव्हता. दूरच्या जपानविषयी जी करुणा बोलती झाली, ती शेजारच्या तमिळाविषयी मूक राहिली. त्यानंतरचे यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले.

तथागतांचे वर्णन 'यथावादी तथाकारी' असे केले जाते. ते जसे बोलत तसे वागत. १९५१ चे भाषण खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु धम्माचा आधार एकदा घेतल्याने त्याची जबाबदारी संपत नाही. स्वतःच्या बहुसंख्य समाजाला अप्रिय वाटेल असे बोलण्याची वेळ आली, की वाणीची खरी परीक्षा होते.

या परीक्षेला उतरलेले एक भाषण म्हणजे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषण होय. त्यामागे एका बौद्ध भिक्खूचीही प्रेरणा होती. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान (निर्वाण २०२२) यांनी १९६५ मध्ये किंग यांना पत्र लिहून आपल्या देशातील भिक्खूंच्या आत्मदहनामागील वेदना समजावून सांगितली होती. १९६६ मध्ये दोघांची शिकागो येथे भेट झाली आणि पुढच्याच वर्षी किंग यांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले. रिव्हरसाइडच्या भाषणात किंग यांनी श्रोत्यांना व्हिएतनामी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी युद्धाकडे पाहावयास लावले. आपल्याच सरकारच्या हिंसेविषयी मौन पाळून वस्त्यांतील कृष्णवर्णीय तरुणांना अहिंसा शिकविता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

याची किंमत त्यांनी मोजली. मोठ्या वृत्तपत्रांनी टीका केली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुरावले आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील अनेक सहकाऱ्यांनीही नापसंती दर्शविली. तरी ते मागे हटले नाहीत. बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली.

आपल्याला या कसोटीचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समाधानाचे वातावरण होते. त्या वेळी बाबासाहेबांनी राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा दिला. तो खडा बाहेर काढण्याचाच प्रकार होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. तेथील बावीस प्रतिज्ञा 'मी' या शब्दाने बोलल्या गेल्या. लाखो श्रोते केवळ श्रोते राहिले नाहीत; प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने स्वतःला बांधून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी अनुयायांवर आलेल्या जबाबदारीची जाणीव दिली. परिवर्तन घडविणारी वाणी श्रोत्याला वचनबद्ध करते, हे त्या दोन दिवसांनी दाखवून दिले.

म्हणून आपल्या व्यासपीठांवरून बोलणाऱ्यांनी व ऐकणाऱ्यांनीही काही प्रश्न मनाशी विचारावेत, असे आम्हास वाटते. हे बोलणे सत्य व हितकर आहे काय? ते केवळ इतरांचे दोष सांगते, की आपल्याही माणसांना अप्रिय वाटेल असे काही सांगण्याचे धैर्य त्यात आहे? उपजातींचा अभिमान, घरातील स्त्रीचे दुय्यम स्थान, लग्नातील उधळपट्टी यांविषयी आपले वक्ते किती वेळा बोलतात? आणि बोलल्यानंतर स्वतःच्या घरी काय करतात? ज्या दिवशी या प्रश्नांची उत्तरे आपण निःसंकोचपणे देऊ शकू, त्या दिवशी सभा संपल्यानंतरही सम्यक वाचेचे कार्य सुरू राहील.