मानसिक व बोधात्मक आरोग्यावरील औषधांच्या प्राथमिक मानवी चाचण्या : स्वरूप, जोखीम आणि संमतीचा प्रश्न

प्रस्तावना :
नवे औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी त्याची प्राण्यांवर आणि त्यानंतर माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचणी घेतली जाते. मानवी चाचणीचे ढोबळमानाने चार टप्पे मानले जातात. त्यांपैकी पहिले दोन प्राथमिक होत. नैराश्य, चिंताविकार, छिन्नमनस्कता व स्मृतिभ्रंश यांवरील औषधांच्या बाबतीत हे टप्पे विशेष नाजूक ठरतात, कारण ज्या अवयवावर औषधाचा परिणाम तपासायचा असतो, त्याच अवयवाच्या साहाय्याने माणूस चाचणीस संमती देत असतो. प्रस्तुत लेखात या टप्प्यांचे स्वरूप स्पष्ट करून २०१६ साली फ्रान्समध्ये घडलेल्या एका घटनेच्या आधारे त्यातील जोखमीचा विचार केला आहे.

प्राथमिक टप्प्यांचे स्वरूप :
पहिल्या टप्प्यात प्रामुख्याने औषधाची सुरक्षितता आणि सुसह्यता तपासली जाते. औषध गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न येथे मुख्य नसतो. बहुधा निरोगी स्वयंसेवकांच्या लहान गटांना प्रथम अत्यल्प मात्रा दिली जाते व ती सुसह्य ठरल्यास पुढील गटाला वाढीव मात्रा मिळते. आधी एकेक मात्रा, नंतर सलग काही दिवस मात्रा, असा हा क्रम असतो. काही स्वयंसेवकांना तुलनेसाठी औषधविरहित गोळी दिली जाते. दुसऱ्या टप्प्यात मर्यादित संख्येच्या रुग्णांवर गुणकारितेची पहिली चाचपणी होते.

मेंदूवरील औषधांच्या विशेष अडचणी :
रक्त व मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर ओलांडून औषध मेंदूत किती पोहोचते, हे केवळ रक्ततपासणीने कळत नाही. उंदराला नैराश्य आले किंवा त्याला भास होत आहेत, असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला लागू करताना मोठी झेप घ्यावी लागते. शिवाय नैराश्याची तीव्रता प्रश्नावलीने मोजली जाते आणि औषधविरहित गोळीनेही अनेक रुग्णांना बरे वाटते. स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. अल्झायमर विकारावरील 'एएन १७९२' या लसीच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत लस दिलेल्या २९८ रुग्णांपैकी १८ जणांना मेंदू व त्याच्या आवरणांचा दाह झाला. परिणामी २००२ मध्ये लस देणे थांबवावे लागले.

रेन येथील घटना :
मानवी शरीरात 'आनंदामाइड' नावाचे द्रव्य तयार होते. संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून त्याचे नाव पडले आहे. त्याचे विघटन करणाऱ्या विकराला रोखल्यास चिंता, वेदना इत्यादींवर उपाय सापडेल, या अपेक्षेने 'बीआयए १०-२४७४' हे संयुग एका पोर्तुगीज कंपनीने विकसित केले. त्याची पहिल्या टप्प्यातील चाचणी फ्रान्समधील रेन शहरात झाली. एकूण ९० निरोगी स्वयंसेवकांना हे संयुग देण्यात आले. त्यांपैकी ८४ जणांत गंभीर दुष्परिणाम आढळले नव्हते.

शेवटच्या गटातील सहा जणांना रोज ५० मिलिग्रॅम मात्रा देण्यात येत होती. १० जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे पाचव्या दिवशी, त्यांपैकी एकास रुग्णालयात हलवावे लागले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वरित पाच जणांना पुढील मात्रा दिली गेली. त्यांपैकी चौघांत डोकेदुखी, स्मृतिदोष, शुद्ध हरपणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे कमीअधिक प्रमाणात उद्भवली. पहिला स्वयंसेवक १७ जानेवारीस मरण पावला.

फ्रान्समधील तज्ज्ञ समितीच्या मते, संबंधित विकर पूर्णपणे रोखण्यास पुरेशा असलेल्या मात्रेच्या सुमारे १० ते ४० पट मात्रा या गटाला दिली गेली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, हे संयुग अपेक्षित विकराखेरीज मेदाशी संबंधित अन्य विकरांनाही रोखत होते. अपघाताचे निश्चित कारण मात्र त्यातून सिद्ध होत नाही. घटनेनंतर युरोपीय औषध संस्थेने माणसावरील पहिल्या चाचण्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये सुधारली. मात्रावाढीचे निकष व चाचणी थांबवण्याचे नियम आधीच ठरवून ठेवण्यावर त्यात भर आहे.

संमतीचा प्रश्न :
फ्रान्समधील शासकीय चौकशीत एक महत्त्वाचा आक्षेप नोंदवला गेला. सहकारी रुग्णालयात असल्याची माहिती उर्वरित स्वयंसेवकांना देऊन, त्यांची नव्याने संमती घेतल्यावरच पुढील मात्रेचा विचार व्हायला हवा होता. यावरून स्पष्ट होते की, संमती म्हणजे चाचणीच्या आरंभी केलेली एक सही नव्हे. परिस्थिती बदलली की तिचा आधारही बदलतो. पहिल्या टप्प्यातील निरोगी स्वयंसेवकाला वैद्यकीय लाभ नसतो, मिळतो तो केवळ मोबदला. म्हणून ताजी व पूर्ण माहिती मिळणे हेच त्याचे मुख्य संरक्षण होय. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत हा प्रश्न अधिक बिकट होतो. आज समजून दिलेली संमती काही महिन्यांनी त्याला आठवेलच असे नाही.

भारतातील तरतुदी :
भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९९ नुसार संशोधनासाठी रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. रुग्ण संमती देण्यास असमर्थ असेल, परंतु सहभागास विरोध करत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. संमती देण्यास समर्थ असलेल्या व्यक्तींवर ते संशोधन होऊ शकत नाही, हेही दाखवावे लागते. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ नुसार नव्या रासायनिक संयुगाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तींच्या संमतीप्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे.

समारोप :
मानसिक व बोधात्मक विकारांवर नवी औषधे हवी असतील, तर प्राथमिक चाचण्या टाळता येणार नाहीत. या चाचण्यांविषयी सरसकट भीती बाळगणे जितके अयोग्य, तितकेच आधीच्या ८४ जणांना काही झाले नाही म्हणून पुढच्या सहा जणांनाही होणार नाही, असे गृहीत धरणे अयोग्य आहे. नैतिकता समित्यांवर वैद्यकेतर सदस्यही असतात आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांना ही जबाबदारी पार पाडावी लागू शकते. अशा सदस्याने प्रस्ताव वाचताना मात्रा कोणत्या आधारावर वाढणार, चाचणी कोण व केव्हा थांबवणार आणि एकाला त्रास झाल्यास इतरांना ते कधी कळणार, हे तीन प्रश्न आवर्जून विचारले पाहिजेत.