कामुरोचोत रमताना

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाजवळ काबुकिचो नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत हा भाग बेचिराख झाला. नंतर इथे काबुकीचं नाट्यगृह बांधायचं ठरलं, पण ते कधी झालंच नाही. नाव तेवढं राहिलं आणि त्याभोवती बार, सिनेमागृहं, होस्टेस क्लब आणि रात्रभर उघडी असणारी रामेनची दुकानं उभी राहिली. सेगा कंपनीतले तोशिहिरो नागोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच वस्ती उचलली, तिला ‘कामुरोचो’ हे नाव दिलं आणि डिसेंबर २००५ मध्ये प्लेस्टेशन २ साठी तिथे घडणारा एक गेम आणला. बाहेरच्या जगात तो ‘याकुझा’ म्हणून ओळखला गेला. आता मालिकेचं नाव ‘लाइक अ ड्रॅगन’ असं आहे. नायक काझुमा किर्यूच्या पाठभर गोंदलेला ड्रॅगन हीच तिची खूण. मुख्य कथेचेच नऊ भाग झाले, शिवाय उपकथा, ऐतिहासिक भाग, वकिली पेशा सोडून गुप्तहेर झालेल्या माणसाची वेगळी मालिका. एवढा पसारा असूनही माणसं तिच्यात वर्षानुवर्षं का रमतात, हे कथासार सांगून कळत नाही.

तरी कथा थोडक्यात सांगायला हवी. किर्यू हा तोजो टोळीतला तरुण. अनाथाश्रमात एकत्र वाढलेल्या जिवलग मित्राच्या हातून टोळीच्या एका बड्या प्रमुखाचा खून होतो. किर्यू तो आपल्या अंगावर घेतो आणि दहा वर्षं तुरुंगात काढतो. सुटून येतो तेव्हा टोळीचे हजार कोटी येन गायब असतात, लहानपणीची मैत्रीण बेपत्ता असते, मित्र ओळखू न येण्याइतका बदललेला असतो, आणि एका बारमध्ये प्रेतांच्या गराड्यात हारुका नावाची नऊ वर्षांची मुलगी बसलेली असते. तिचा हात धरून किर्यू कामुरोचोत फिरू लागतो. गोळीबार, फितुरी, वडीलधाऱ्यांची जुनी पापं हे सगळं गुन्हेगारीपटात शोभेल असंच आहे. पहिल्या दोन भागांच्या कथेवर हासे सेइशू या गुन्हेगारी कादंबरीकाराची देखरेख होती, आणि ते जाणवतं.

पण गंमत पुढे आहे. कथा किर्यूला घाई करायला सांगत असते आणि वस्ती त्याला अडवत असते. टोळीप्रमुखाच्या भेटीला निघावं, तर वाटेत कुणी बाई रडत उभी असते, कुणाच्या गळ्यात भामट्याने खोटा माल मारलेला असतो, कुणी पोरगा मदतीसाठी हाक मारतो. या छोट्या प्रसंगांना गेममध्ये ‘सबस्टोरी’ म्हणतात. एकेका भागात अशा डझनावारी असतात. ‘याकुझा झीरो’मधली एक मला फार आवडते. एका मुलाने नुकताच विकत घेतलेला, सगळ्या शहराने रांगा लावलेला व्हिडिओ गेम कुणीतरी हिसकावतो. किर्यू चोराला गाठतो, तर त्याच्याकडूनही तो दुसऱ्याने हिसकावलेला असतो. त्या दुसऱ्याच्या मागावर जावं, तर तिथेही तेच. या साखळीच्या टोकाला सापडतो त्या मुलाचाच बाप. मुलाला गेम आणून द्यायचा म्हणून त्याने चोरी केलेली असते, आणि आपण मुलाचीच वस्तू फिरवून आणली हे त्याला ठाऊक नसतं. प्रसंग हसवतो, पण किर्यू मात्र हसत नाही. समोरच्याचं दुःख कितीही हास्यास्पद असलं तरी तो ते पूर्ण गांभीर्याने ऐकून घेतो. मालिकेचा सगळा जीव मला त्या ऐकून घेण्यात दिसतो.

आणि खेळ किती! कराओकेत गायचं, बेसबॉलच्या बॅटिंग सेंटरमध्ये चेंडू टोलवायचे, बोलिंग, डार्ट्स, शोगी, माहजोंग. ‘क्लब सेगा’त शिरून ‘आउटरन’ किंवा ‘स्पेस हॅरियर’सारखे सेगाचे जुने गेम खेळता येतात. डॉन किहोते हे खरंखुरं जपानी दुकान आपल्या गाण्यासकट तिथे आहे. जखमी किर्यूचा जीव भरून काढायला औषधाची बाटली पुरते, पण उपाहारगृहात बसून जेवलं तरी तेच काम होतं. मी जेवणच निवडतो. प्रत्येक दुकानाची खाद्ययादी वेगळी आणि सगळे पदार्थ चाखून बघण्याचाही एक हिशोब गेम ठेवतो.

याला कुणी फापटपसारा म्हणेल. एकेकाळी खुद्द कंपनीलाही तसंच वाटलं होतं. मालिकेचा तिसरा भाग २०१० मध्ये पाश्चात्त्य देशांत आला तेव्हा होस्टेस क्लब, शोगी, माहजोंग, एक प्रश्नमंजुषा आणि काही सबस्टोऱ्या गाळल्या गेल्या. परदेशी खेळाडूला यात रस नसेल, असा होरा. तो सपशेल चुकला. चाहत्यांनी नाराजी कळवली आणि २०१९ मध्ये हाच भाग नव्या रूपात आला तेव्हा गाळलेलं पुष्कळसं परत आलं. जे अगदी स्थानिक म्हणून कापलं होतं, त्याच्यासाठीच लोक येत होते. मला यात नवल वाटत नाही. माहजोंगचे नियम आपल्यालाही परकेच, पण बाजूच्या टेबलावर म्हातारी माणसं ते खेळत बसली आहेत आणि चौथा गडी म्हणून आपल्याला जागा आहे, हे कळायला नियम लागत नाहीत.

कामुरोचो तसं छोटं आहे. काही मुख्य रस्ते, मधल्या गल्ल्या, एक चित्रपटगृहासमोरचा चौक, एक बाग, आणि खऱ्या ‘गोल्डन गाय’वर बेतलेला चिंचोळ्या बारांचा कोपरा. शेकडो मैलांचे नकाशे बनवणाऱ्या आजच्या गेमच्या तुलनेत हे एवढंसं. पण भागागणिक आपण इथेच परत येतो आणि काळ पुढे गेलेला असतो. काही दुकानं बदललेली असतात, फोन बदललेले असतात, बागेतली बेघरांची वस्ती गेलेली असते. तीन-चार भाग खेळल्यावर नकाशा न उघडता पाय आपोआप वळतात. बाकी शहरंही येतात. दोतोनबोरीवर बेतलेलं ओसाकातलं सोतेनबोरी आहे, किर्यू अनाथाश्रम चालवतो ते ओकिनावा आहे, सहाव्या भागातलं हिरोशिमा प्रांतातलं ओनोमिची हे बंदराचं गाव आहे. पाचव्या भागात तर तो फुकुओकात टॅक्सी चालवतो, सिग्नल पाळून, गिऱ्हाइकाशी अदबीने बोलत. पण ओढ लागते ती कामुरोचोचीच.

ही वस्ती सर्वांत झगमगते ती ‘याकुझा झीरो’मध्ये. २०१५ चा हा भाग डिसेंबर १९८८ मध्ये घडतो, जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा टम्म झालेला असताना. शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीला ३८,९०० च्या वर गेला, मग कोसळला, आणि तो उच्चांक पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. गेममध्ये कुणाला ठोसा मारला की अंगातून नोटा उधळतात. सगळी कथा फिरते ती कामुरोचोच्या मधोमध असलेल्या जमिनीच्या एका तुकड्याभोवती. चार पावलांचा उकिरड्यासारखा मोकळा प्लॉट, मालक कोण ते कुणाला ठाऊक नाही, आणि त्यापायी टोळीतले बडे एकमेकांच्या जिवावर उठलेले. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे पाहिलेल्या मुंबईकराला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. आधीचे भाग खेळलेल्याला त्या जागी पुढे मिलेनियम टॉवर उभा राहणार हे माहीत असतं, म्हणून त्या प्लॉटजवळ तो थबकतो.

खऱ्या याकुझांचं काय? १९६० च्या दशकात त्यांची संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात होती. १९९२ मध्ये संघटित टोळ्यांविरुद्धचा कायदा अमलात आला. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांनी त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या सामान्य व्यावसायिकांनाही चाप लावणारे नियम केले. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं बँकेत खातं किंवा भाड्याने घर मिळणं मुश्कील. २०२३ च्या अखेरीला पोलिसांच्या हिशोबी सदस्य आणि संबंधित मिळून सुमारे २० हजार उरले होते. मालिकेने हे सोयीस्करपणे विसरायचं टाळलं, याचं मला कौतुक आहे. २०२० च्या सातव्या भागात किर्यूची जागा इचिबान कासुगा घेतो. न केलेल्या गुन्ह्यासाठी अठरा वर्षं तुरुंगात काढून तो बाहेर येतो, तर टोळीचं साम्राज्यच उठलेलं. योकोहामाच्या बेघरांत तो जाऊन पडतो. सोबत एक बेघर झालेला परिचारक, एक नोकरी गेलेला पोलीस, एक बार चालवणारी बाई. लढाईतली भूमिका बदलायची तर ‘हॅलो वर्क’ या सरकारी रोजगार केंद्रात जायचं. होनोलुलूत घडणाऱ्या २०२४ च्या आठव्या भागात टोळी सोडलेल्यांचा हाच पाच वर्षांचा अडसर कथेच्या गाभ्याशी आहे, आणि किर्यूला कर्करोग झालेला आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. स्त्रिया बऱ्याचदा वाचवायच्या, गमवायच्या किंवा बघायच्या. होस्टेस क्लबांचा कैफ गेम दाखवतो, तिथल्या कर्जात बुडालेल्या मुलींकडे मात्र क्वचितच वळतो. खंडणी आणि धाकदपटशावर पोसलेल्या जगात किर्यूसारखा निर्मळ माणूस कल्पनेतच शोभतो. तिसऱ्या आणि चौथ्या भागांतली कारस्थानं इतकी गुंततात की शेवटी कोण कुणाला का मारतोय हे लक्षात राहत नाही.

नव्याने खेळणाऱ्याने ‘याकुझा झीरो’पासून सुरुवात करावी. २०१८ पासून तो पीसीवरही आहे, त्यामुळे कन्सोल नसलं तरी अडत नाही. त्यानंतर पहिल्या दोन भागांची नव्याने केलेली रूपं, ‘किवामी’ आणि ‘किवामी २’. हाणामारी नको असेल तर थेट सातवा भाग घ्यावा, तिथे बुद्धिबळासारखी आळीपाळीने लढाई आहे. संवाद जपानीतच ठेवावेत. ताकाया कुरोदा यांचा आवाज हा अर्धा किर्यू आहे. मुख्य कथेचा गुलाबी खुणेचा बाण नकाशावर दिसत राहील, पण कुणी रस्त्यात हाक मारली तर आधी तिकडे जावं.