दीड मीटर

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावता धावता झेलतो तो वाइड रिसीव्हर. कॉलेज फुटबॉलमधली मानाची हाइझमन ट्रॉफी १९९१ मध्ये डेस्मंड हॉवर्डला मिळाली; त्यानंतर थेट २०२० च्या हंगामापर्यंत ती एकाही रिसीव्हरच्या वाट्याला आली नाही. तेव्हा ती पटकावली अलाबामा विद्यापीठाच्या डेव्हॉन्टा स्मिथने. ११७ झेल, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन!

वजन म्हणाल तर जेमतेम ७७ किलो. अशा धसमुसळ्या खेळात हा टिकणार कसा, ही शंका रास्तच होती. उत्तर प्रतिक्रियेच्या वेळेत आहे. रिसीव्हरला कुठे वळायचं ते आधीच ठाऊक असतं, बचावपटूला ते बघून कळतं. डोळ्यांनी पाहून पाय हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा तेवढ्यात दीड मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. खांदे किंवा नजर वळणाची चाहूल देत नसतील, तर हे अंतर हमखास मिळतं. स्मिथची खरी कमाई मला इथेच दिसते, नुसत्या वेगात नाही.

जानेवारी २०२१ मधल्या कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्याने पूर्वार्धातच २१५ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले. पुढे बोट निखळल्याने तो बाहेर बसला. त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्याने ४६ यार्डांचा टचडाउन झेलला.