मोजा गळका नाही, हे कुणी पाहिलं?

दवाखान्यात खोक्यातून ओढून काढलेल्या हातमोज्याला भोक नाही, हे कारखान्यात पाण्याने तपासलेलं नसतं. ज्याची तशी तपासणी होते, तो मोजा खोक्यात येतच नाही. तो टाकून दिला जातो.

जगातले निम्म्याहून अधिक रबरी मोजे वर्षानुवर्षं मलेशियात बनत आले. तिथे चिनी मातीचे हाताच्या आकाराचे साचे साखळीवरून सतत फिरत असतात. आधी कॅल्शियम नायट्रेटमध्ये बुडी, मग रबराच्या चिकात किंवा नायट्राइलमध्ये. त्यानंतर धुणं, भट्टी आणि शेवटी मोजा साच्यावरून ओढून काढणं. रुग्ण तपासताना घालायच्या नायट्राइल मोज्याची जाडी अमेरिकी मानकानुसार 0.05 मिलिमीटर असली तरी चालते. साच्यावर धुळीचा कण राहिला किंवा चिकात हवेचा बुडबुडा आला, की तिथे भोक पडलंच.

ते शोधायची रीत अगदी साधी आहे. मोजा टांगायचा, त्यात 1000 मिलिलिटर पाणी ओतायचं, लगेच पाहायचं आणि दोन मिनिटांनी पुन्हा पाहायचं. थेंब दिसला की मोजा बाद. मात्र लाखभर मोजे असे टांगता येत नाहीत, म्हणून नमुना घेतात. युरोपीय पद्धतीत लाखाच्या लॉटमधून 200 मोजे उचलतात. सातपर्यंत गळके निघाले तर लॉट पास, आठवा निघाला की नापास.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजलेला असतो. इथे शेजारच्या मोज्याबद्दल एक मोजा काहीच सांगत नाही. बोलतो तो फक्त आकडा. त्या आकड्याचं नाव एक्यूएल, म्हणजे स्वीकारार्ह गुणवत्ता मर्यादा. वरच्या हिशेबात तो 1.5 आहे. याचा अर्थ 1.5 टक्क्यांहून जास्त गळके मोजे सुटूच शकत नाहीत, असा बरेच जण लावतात. तो चूक आहे. 3 टक्के गळके असलेला लॉटही या चाळणीतून चारपैकी साधारण तीन वेळा पार होतो. चाळणी खऱ्या अर्थाने आवळते ती सततच्या उत्पादनावर. सारखाच ढिसाळ माल काढणारा कारखाना आज ना उद्या सापडतो.

अमेरिकेच्या एफडीएने रुग्ण तपासायच्या मोज्यांसाठी हा आकडा 4 वरून 2.5 वर आणला. नियम 2006 चा, अंमल डिसेंबर 2008 पासून.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. मोजा तुटेपर्यंत ताणतात. 70 अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवून पुन्हा ताणतात, म्हणजे गोदामात पडून तो किती टिकेल याचा अंदाज येतो. विषाणूंसाठी निराळी चाचणी असते, कारण पाणी अडलं म्हणून विषाणू अडेलच असं नाही. त्यात जिवाणूंना लागण करणारा, माणसाला निरुपद्रवी असा फाय-एक्स 174 हा विषाणू वापरतात.

तेव्हा मोजे काढल्यावर हात धुवाच. आणि विकत घेताना खोक्यावर एक्यूएल शोधा. तो छापलेलाच नसेल, तर ते मोजे केसांना मेंदी लावायला ठीक, जखमेची मलमपट्टी करायला नाही.