नागपाडा : बास्केटबॉलचा मोहल्ला

भायखळा आणि मुंबई सेंट्रल या दोन स्थानकांच्या मधल्या दाट वस्तीत नागपाडा वसला आहे. पनवेलहून निघणाऱ्याने हार्बर लोकलने कुर्ल्याला उतरावे, मध्य रेल्वेची धीमी गाडी धरून भायखळा गाठावे आणि स्थानकाच्या पश्चिमेला चालू लागावे; थोड्याच वेळात नागपाडा जंक्शन लागते. चहूबाजूंनी येणारे रस्ते, जुन्या चाळी, मशिदी, दुकाने, हातगाड्या आणि अखंड वाहतूक असा हा भाग. क्रिकेटवेड्या मुंबईत या वस्तीने मात्र बास्केटबॉल आपला मानला. बच्चूखान महापालिका मैदान, मस्तान तलावाजवळचे वायएमसीए आणि नागपाडा नेबरहूड हाऊस ही त्या खेळाची इथली ठिकाणे.

वस्तीची घडण समजून घ्यायची तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांमध्ये माणसे पटापट दगावू लागली, तेव्हा सरकारने 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. जुनी घरे पाडायची, रस्ते रुंद करायचे, हवा-उजेड येईल अशा इमारती उभारायच्या, हे त्याचे काम. ट्रस्टने हाती घेतलेल्या पहिल्या योजनांत नागपाडा होता. रस्ते आखले गेले, पण वस्तीची दाटी हटली नाही. गोदी, गिरण्या आणि बाजारांच्या आसऱ्याने पोट भरणारी माणसे इथे येतच राहिली. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबे या परिसरात शेजारी शेजारी राहत.

या वस्तीत 1925 साली क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी आला. त्याला पाठवणारे अमेरिकन मराठी मिशन महाराष्ट्राला चांगले परिचयाचे. 1842 पासून निघणारे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचे. मॅनशार्टने धर्मप्रचारापेक्षा वस्तीच्या रोजच्या जगण्याला हात घालायचे ठरवले. लंडनचे टॉयन्बी हॉल आणि शिकागोचे हल हाऊस यांनी घालून दिलेला धडा त्याच्यासमोर होता: गरीब वस्तीत प्रत्यक्ष राहायचे आणि तिथल्या माणसांना बरोबर घेऊन काम करायचे. त्यातून नागपाडा नेबरहूड हाऊस उभे राहिले. वाचन, व्याख्याने, आरोग्यसेवा आणि मुलांचे खेळ हे सगळे तिथे एका छताखाली आले. पुढे 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क याच ठिकाणी सुरू झाले. देवनारची आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. समाजकार्याचे औपचारिक शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था आणि बास्केटबॉलचा एक नामांकित अड्डा, दोन्हींचा पत्ता एकच निघावा, ही या शहराच्या इतिहासातली मोठी सुंदर गोष्ट आहे.

बास्केटबॉलसुद्धा अशाच संस्थांच्या वाटेने जगभर गेला. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून तो तयार केला. वायएमसीएच्या शाखांबरोबर तो भारतात पोहोचला. नागपाड्याला तो मानवला, याचे कारण साध्या हिशेबात सापडते. पूर्ण आकाराचे कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, म्हणजे 420 चौरस मीटर. फुटबॉलच्या मैदानाला याच्या सतरापट जागा लागते. जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर एक रिंग आणि एक चेंडू एवढ्यावर दहा मुलांचा खेळ रंगतो. एकटा असला तरी मुलगा तासन्‌तास नेम साधत बसू शकतो. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ जण राहत असतील, तर अशा कोर्टाचे मोल वेगळे सांगायला नको. सिमेंटच्या कोर्टावर पडले की गुडघे फुटतात, त्यामुळे तोल सांभाळण्याची सवय अंगात मुरते. प्रतिस्पर्धी अंगाशी आला की उंच टप्पे घेत चेंडू नेता येत नाही; तो गुडघ्याखाली ठेवून, खांदा आणि कंबर मध्ये घालून राखावा लागतो. मान वर, नजर रिंगवर आणि चेंडू केवळ तळव्याच्या अंदाजावर, हे एकदा जमले की खेळाडू घडू लागतो.

या मातीतला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे अब्बास मुंतसिर. 1942 साली जन्मलेल्या अब्बास यांनी नागपाड्यात खेळ शिकून थेट भारतीय संघाचे कर्णधारपद मिळवले. 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गल्लीतला मुलगा भारताचा कर्णधार होतो, हे ज्या वस्तीने डोळ्यांनी पाहिले, तिथल्या पुढच्या पिढ्यांना वेगळ्या प्रेरणेची गरज उरली नाही.

वस्ती आणि खेळ यांची अशी गाठ व्यावसायिक पातळीवर कशी टिकते, हे पाहायला कॅटलोनियातील बादालोना हे गाव उपयोगी पडते. पनवेल जसे मुंबईच्या सावलीत, तसे बादालोना बार्सिलोनाच्या. तिथे 1930 साली ‘पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना’ या नावाचे मंडळ निघाले; चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक ओलांडलेल्या विमानावरून हे नाव घेतले होते. पुढे ते जुव्हेंतुत झाले, पण हिरव्या-काळ्या पोशाखातल्या या संघाला गावकरी आजही ‘ला पेन्या’च म्हणतात. शेजारी बार्सिलोनासारखा धनाढ्य क्लब असताना या गावच्या संघाने 1994 मध्ये ऑलिंपियाकोसला 59-57 असे हरवून युरोपचे अजिंक्यपद पटकावले. रिकी रुबियो अवघ्या 14 व्या वर्षी याच संघातून स्पेनच्या वरिष्ठ लीगमध्ये उतरला. बाहेरून तारे विकत घेण्यापेक्षा मुले घडवायची, ही त्या क्लबची खरी ओळख.

महाराष्ट्रात व्यावसायिक बास्केटबॉल आला तो उलट्या दिशेने. 2015 पासून काही हंगाम चाललेल्या यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स होते. 2022 मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये मुंबई टायटन्स आले. या संघांना शहराची नावे मिळाली, पण मागे उभा राहणारा मोहल्ला मिळाला नाही. नागपाड्याकडे मोहल्ला आहे, खेळाडू घडवण्याची परंपरा आहे. पगारी संघ नाही. ही दोन टोके जुळायला हवी होती, ही हळहळ रास्त आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले. त्यांत इंडियाना पेसर्ससमोर उतरलेल्या सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईतच जन्मलेले. नागपाड्यापासून काही किलोमीटरवर जगातली सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीग येऊन गेली.

अलीकडे टोकियो ऑलिंपिकपासून तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉललाही ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आहे. त्यासाठी एकच रिंग आणि 15 बाय 11 मीटरचे कोर्ट पुरते. सामना दहा मिनिटांचा. त्याआधी कोणी 21 गुण केले तर तिथेच संपतो. दाट वस्तीतली मुले पूर्वीपासून अर्ध्या कोर्टावर, मिळतील तेवढ्या भिडूंत खेळत आली आहेत. त्यांच्या खेळाला आता ऑलिंपिकचा रस्ता मोकळा झाला आहे. नागपाड्यासारख्या वस्तीत महापालिकेचे प्रत्येक कोर्ट राखणे म्हणूनच निकडीचे आहे.