हळद आणि बिघडलेलें प्रथिन

सातारा-सांगलीकडे घरगुती औषधांत हळद ही पहिली मानकरीण. कापलें, खरचटलें, कीं जखमेवर हळद दाबावयाची हा तेथील परिपाठ. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्याआधींच, २००३ सालीं, हळदीला पिवळा रंग देणारें कर्क्युमिन प्रयोगशाळेंत एका विलक्षण रोगापुढें उभें करण्यांत आलें होतें.

या रोगाला मेंढ्यांत स्क्रेपी म्हणतात. माणसांत त्याचा भाऊबंद क्रॉइट्झफेल्ट-जेकब रोग. वर्षाला दहा लाखांत एखाददुसऱ्यालाच तो होतो. पण झाला कीं रोगी बहुधा वर्षाच्या आंत दगावतो, आणि त्यावर अद्याप उतारा नाहीं. त्याच्या मुळाशीं जंतू नाहीं, विषाणूही नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ले प्रुसिनर यांनीं १९८२ सालीं त्याच्या कारणास प्रायॉन हें नांव दिलें.

निरोगी मज्जापेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतें. त्याच्या सांखळीचा बराच भाग मळसूत्रासारखा वळलेला असतो. तीच सांखळी, एकही कडी न बदलतां, चपट्या पदरांत दुमडली कीं प्रायॉन झाला. असा रेणू शेजारच्या निरोगी रेणूलाही आपल्यासारखी घडी घालावयास लावतो. दाट पाकांत खडीसाखरेचा खडा सोडावा आणि त्याभोंवतीं त्याच ठेवणीचे स्फटिक धरावे, तसा हा प्रकार. मात्र खडा पाण्यांत विरघळतो; ही घडी उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीं. थर वाढतात, तंतू तुटतात, प्रत्येक तुकडा नवा खडा होतो. अखेर मेंदूला स्पंजासारखीं भोकें पडतात. ज्या उंदरांत हें प्रथिन मुळीं तयारच होत नाहीं, त्यांना रोग लागत नाहीं, असें १९९३ सालीं दिसून आलें. पाकच नसेल, तर स्फटिक धरणार कशाचे?

काचपात्रांत वाढविलेल्या स्क्रेपीग्रस्त पेशींत कर्क्युमिननें ही वाढ रोखली. येथवर हळदीचा जय. परंतु हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांना तेंच आहारांतून दिलें, तेव्हां रोगाच्या आगमनांत लक्षणीय फरक पडला नाहीं. पोटांत गेलेलें कर्क्युमिन रक्तांत फार थोडें उतरतें, आणि यकृत त्याचें रूप झपाट्यानें पालटतें. काचपात्रांतील पेशीला यकृत नसतें, ही गोष्ट हळदीच्या गोळ्यांच्या जाहिरातींत सांपडावयाची नाहीं!

रोग्याजवळ बसल्यानें वा त्याची शुश्रूषा केल्यानें हा रोग लागत नाहीं. मात्र शस्त्रक्रियेच्या हत्यारांना नेहमींची उकळी पुरत नाहीं; म्हणून नुसता संशय असला तरी डॉक्टरांना आधींच कल्पना द्यावी.