जानुसंधीचा संयुक्त स्नायु-आघात आणि पुढील दहा वर्षे

सुश्रुताचार्यांनी जानुमर्माची गणना संधिमर्मांत व वैकल्यकर मर्मांत केली असून त्याचे प्रमाण तीन अंगुले आणि आघाताचे फळ खंजता असे सांगितले आहे. गुडघ्याच्या एकाहून अधिक लिगामेंट्स एकाच वेळी तुटलेल्या रुग्णाचा विचार करताना हे फल वैद्याने प्रथम ध्यानी घ्यावे. सूज ओसरते, वेदना शमतात, रुग्ण चालू लागतो. आणि काही महिन्यांनी 'गुडघा सटकते' ही तक्रार घेऊन येतो.

राळेगाव परिसरात याची कारणे शोधावी लागत नाहीत. पावसाळ्यात काळ्या चिकट मातीत पाऊल रुतते आणि अंग मात्र वळते. कबड्डीत पकडीमध्ये पाय अडकतो. वडकीच्या महामार्गावर दुचाकी घसरते.

येथे शब्दाचा एक घोटाळा आहे. व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांस. संहितेतील स्नायु म्हणजे बंधन. अनेक बंधांनी जखडलेल्या फळ्यांची नाव जशी भार वाहते, तसे स्नायूंनी बद्ध शरीर भारक्षम होते, असे शारीरस्थानात म्हटले आहे. अस्थी, पेशी वा सिरा यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात अधिक घातक, हेही तेथेच सांगितले आहे. एक बंध तुटला तर उरलेले बंध नाव सांभाळतात. दोन-तीन तुटल्यावर फळ्या एकमेकींवर घासू लागतात. पुढील संधिगत वाताचे बीज या घर्षणातच आहे.

नॉर्वेतील संशोधकांनी २००९ साली दहा वा अधिक वर्षांच्या पाठपुराव्याचे अभ्यास एकत्र तपासले. केवळ पुढील क्रूसिएट लिगामेंट तुटलेल्यांत क्ष-किरणावर संधीची झीज ० ते १३ टक्के आढळली. सोबत अन्य दुखापत असलेल्यांत २१ ते ४८ टक्के. रुग्णाला बरा झाला म्हणून निरोप देणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे लक्षात ठेवावेत.

ऋषभ पंत या क्रिकेटपटूचे उदाहरण रुग्ण हमखास देतात. ३० डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या मोटारीला अपघात झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी गुडघ्यावर शस्त्रकर्म केले आणि मार्च २०२४ मध्ये तो मैदानात परतला. म्हणजे शस्त्रकर्म, दैनंदिन देखरेख व व्यायाम यांसह एका तरुण खेळाडूस चौदा महिने लागले. भग्नचिकित्सेत संधी स्थिर होण्यास बाल्यात एक, मध्यम वयात दोन व वार्धक्यात तीन महिने सांगितले आहेत, ते स्थिरतेविषयी. त्या आधारे शेतमजुराला दोन महिन्यांत डोक्यावर कापसाचे गाठोडे उचलण्याची अनुज्ञा देणे आम्हास मान्य नाही.

पहिल्या प्रहराचे कर्तव्य वेगळेच आहे. संधी निसटून पुन्हा जागी बसला असेल तर बाहेरून तो निरुपद्रवी दिसतो. परंतु गुडघ्यामागील धमनी फाटलेली असू शकते. पाऊल थंड वा पांढुरके पडले, घोट्याजवळील नाडी क्षीण लागली किंवा पाऊल वर उचलता येईना, तर लेप वा बंध यांत वेळ न दवडता कुशाबंधाने पाय स्थिर करून यवतमाळ वा सेवाग्रामकडे तत्काळ पाठवावे. सहा ते आठ तास रक्त न पोहोचल्यास पायच गमवावा लागतो. ताज्या आघातात अभ्यंग व स्वेद वर्ज्य. सुश्रुतांनीही भग्नात न्यग्रोधादि कषायाचा शीत परिषेकच सांगितला आहे.

पूर्ण तुटलेला क्रूसिएट लाक्षादि गुग्गुळाने सांधला जातो, असे आम्ही रुग्णास कधीही सांगत नाही. आपले खरे क्षेत्र त्यानंतरचे आहे. शस्त्रकर्म झालेले असो वा नसो, स्थैर्याची तपासणी करून मांडीच्या पेशींचे बल वाढविणारा व्यायाम नित्य, शोथ गेल्यावर बला तैलाचा मृदु अभ्यंग, जानुबस्ती, वातप्रकोपाच्या ऋतूत बस्तिकर्म, आणि लाख, कांडवेल, अर्जुनसादडा, अश्वगंधा यांचा गुग्गुळकल्प अग्नी पाहून. वजन आटोक्यात ठेवणे यांतील कोणत्याही कल्पाइतकेच महत्त्वाचे. व्यायाम सुटला की जानुबस्तीचा लाभ टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. घटकांची नोंद नसलेल्या, दोन दिवसांत वेदना थांबविणाऱ्या पुड्या विकू नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो. वेदना लोपल्याने रुग्ण सैल गुडघ्यावर ओझे वाहतो. गुडघा सटकत असल्याचे ग्राहकाने सांगितले, तर तेल देण्यापूर्वी त्याला वैद्याकडे पाठवावे.